उष्णस्नानाच्या खोलीसाठी लाकूड कोणते घ्यावे?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या उपनगरांत अलीकडे ज्या उंच वसाहती उभ्या राहिल्या आहेत, त्यांतील कित्येकांच्या क्लबगृहांत व्यायामशाळेशेजारी एक लहानशी लाकडी खोली आढळते. तीत पाऊल टाकताच कोरड्या उष्णतेचा झोत अंगावर येतो आणि पाच-दहा मिनिटांत सर्वांगास घाम सुटतो. फिनलंडचे लोक हिला ‘साउना’ म्हणतात. इंग्रजीच्या वाटेने तो शब्द आपणांकडे ‘सॉना’ होऊन आला. सोन्याशी त्याचा काही संबंध नाही. तथापि खोली बांधून घेणाऱ्यास बिल पाहिल्यावर तसा संशय आल्यास नवल नाही.

अशी खोली बांधावयाची ठरली म्हणजे वसाहतीच्या सभेत पहिला प्रश्न निघतो तो लाकडाचा, आणि त्याचे उत्तरही बहुधा प्रश्नाबरोबरच तयार असते: “सागाचे. आणखी कोणते?” आपल्या लोकांच्या मनात सागाविषयी जी श्रद्धा आहे ती निराधार नाही. परंतु दार, पलंग किंवा कपाट यांस जे लाकूड उत्तम, तेच तापलेल्या खोलीतील बाकासही उत्तम, असे मात्र होत नाही. येथे लाकडाची परीक्षा निराळी आहे, आणि मुंबईच्या हवेत तर ती दुहेरी आहे. ती कशी, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. ज्यांच्या वसाहतीत अशी खोली नाही व होणारही नाही, अशा वाचकांनीही पान उलटू नये. कारण जी तत्त्वे येथे लागू पडतात, तीच घरातील पाटास, पोळपाटास व न्हाणीघराच्या दारासही लागू पडतात.

प्रथम त्या खोलीत काय घडते ते पाहू. भिंती व छत लाकडी फळ्यांचे असते. एका कोपऱ्यात चूल असते. फिनलंडच्या खेड्यांत ती लाकडाची, आपल्या शहरात विजेची. चुलीवर दगड रचलेले असतात. छताजवळची हवा 80 अंश सेल्सियसच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक तापते. जमिनीलगत ती 40-50 अंशच असते. म्हणून बाके पायऱ्यांसारखी एकावर एक असतात, आणि ज्यास जितकी ऊब सोसेल तितका तो वर चढून बसतो. मधून मधून तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकतात, तेव्हा वाफेची एक लाट येऊन जाते. फिनलंडची वस्ती सुमारे 55 लाख, आणि अशा खोल्या सुमारे 30 लाख आहेत असे सांगतात. 2020 साली युनेस्कोने तेथील या प्रथेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

ही कल्पना आपणांस अगदी परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘जेंताक’ नावाचा प्रकार वाचताना साउनाचेच वर्णन वाचीत आहो असे वाटते. वर्तुळाकार, मातीने लिंपलेले घर, भिंतीच्या कडेने हातभर उंचीचा ओटा, मध्यभागी भट्टी, तीत खैर किंवा अश्वकर्ण यांची लाकडे पेटवून, धूर निघून गेला व केवळ ऊब राहिली म्हणजे अंगास तेल लावलेल्या रोग्याने आत जाऊन ओट्यावर निजावे, असा तो विधी आहे. लाकूड येथेही आहे, परंतु ते भट्टीत! बसावयाचा ओटा मातीचाच. फिनलंडच्या अरण्यवासी लोकांनी तेच लाकूड भट्टीतून काढून भिंतीस व बाकास लावले, आणि निवडीचा प्रश्न तेथून उत्पन्न झाला.

पंचकर्माच्या दवाखान्यांत डोके बाहेर ठेवून बसण्याची जी लाकडी पेटी असते, ती याहून वेगळी होय. तीत ओली वाफ सोडतात व उष्णता बरीच कमी असते. क्लबगृहातील ‘स्टीम’ची खोलीही वेगळी; ती फरशीची असते व तीत लाकूड मुळीच वापरू नये. आम्ही बोलत आहो ते कोरड्या उष्णतेच्या खोलीविषयी.

आता मुख्य शंका अशी की, 80 अंशांच्या हवेत मनुष्य उघड्या अंगाने लाकडावर बसतो, तर त्यास चटका का बसत नाही? विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी करून पाहावा. एप्रिल महिन्यात दुपारी गच्चीवर लाकडी पाट, शहाबादी फरशीचा तुकडा व लोखंडी तवा ही तीन शेजारी शेजारी तासभर ठेवावीत आणि नंतर बोटाच्या टोकाने हलकेच स्पर्श करावा. तव्यावर बोट ठेववणार नाही, फरशीवर क्षणभर ठेववेल, पाटावर खुशाल ठेवता येईल. तिन्हींवर ऊन सारखेच पडले. भेद आहे तो उष्णता हातास देण्याच्या वेगात. लोखंड लाकडाच्या शेकडोपट वेगाने उष्णता वाहून नेते. लाकूड हे असंख्य सूक्ष्म नळ्यांचे बनलेले असून त्या नळ्यांत हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा उष्णतेस वाट देत नाही. चहाच्या किटलीची मूठ लाकडाची का करीत असत, हे यावरून उमगेल.

परंतु सर्व लाकडांत हवा सारखी नसते. जड लाकडात काष्ठ अधिक व हवा थोडी, हलक्यात उलट. म्हणून वजन हीच येथील पहिली कसोटी होय. आपल्या वखारींत लाकूड घनफुटावर विकले जाते, तेव्हा त्याच मापाने सांगतो. एक घनफूट पाणी सुमारे 28 किलो भरते. खैराचे कोरडे लाकूड जवळजवळ तितकेच जड आहे. ऐन 24 किलोंच्या आसपास, शिसव व बाभूळ 22-23, साग 18-19, देवदार 15-16, शिवण 13-14, आणि काटेसावर अवघी 10 किलो. फिनलंडमध्ये बाकांसाठी ज्या अ‍ॅस्पेन झाडाचे लाकूड आवडते मानतात, ते साडेबारा किलोंच्या आसपास असते. अमेरिकेतील तांबडा सीडार साडेदहा, आणि आफ्रिकेतून जाणारे अबाची सुमारे 11. यावरून एक गोष्ट सहज दिसून येईल: ज्या लाकडांस आपण ‘मजबूत’ म्हणून गौरवितो, ती सर्व या कामास अपात्र ठरतात. शिसवीचा बाक दिसावयास राजेशाही खरा, पण तापल्यावर त्यावर बसणारा फार वेळ बसणार नाही. हलक्या लाकडास इतर ठिकाणी आपण ‘पोकळ’ म्हणून नाक मुरडतो. येथे मात्र ते पोकळपण हाच त्याचा गुण होय.

दुसरी कसोटी राळेची. चीड हे हिमालयातील पाइन. त्याच्या खोडास खाचा पाडून राळ गोळा करितात व तीपासून टर्पेंटाइन तेल काढितात. अशा लाकडाची फळी तापली की राळ पाझरू लागते, आणि तापलेल्या राळेचा थेंब त्वचेस चिकटला तर तो पुसताही येत नाही. गाठींच्या ठिकाणी राळ विशेष असते, शिवाय गाठ ही सभोवारच्या लाकडाहून घट्ट असल्यामुळे अधिक तापते. म्हणून बाकाची पट्टी निवडताना तीत एकही गाठ नसावी. भिंतीच्या फळ्यांत लहानसहान, घट्ट बसलेल्या गाठी चालतील. भिंतीस कोणी पाठ घासून बसत नाही. देवदारात राळेचा उपद्रव चिडाइतका नसला तरी त्याचे तेल उग्र आहे. तापल्यावर त्याचा वास पहिल्या दिवशी मोहक वाटतो. आठव्या दिवशी डोके धरणारेही निघतात.

रंगाचाही विचार करावा लागतो. खैराचा गाभा उकळून कात काढितात, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या लाकडातून पाण्याने कात निघतो ते घामाने निथळणाऱ्या मनुष्याखाली ठेवणे शहाणपणाचे नव्हे. फणसाच्या गाभ्यापासून पिवळा रंग मिळतो, आणि पूर्वी भिक्षूंची वस्त्रे त्यात रंगवीत. तो टॉवेलासही तितक्याच आनंदाने रंगवील! बिबल्याचे लाकूड पाण्यात ठेवले असता पाण्यास निळसर झाक येते. ऐनात व बाभळीत तुरट द्रव्य पुष्कळ असते. लोखंडाचा खिळा त्यास लागला व ओल मिळाली की तेथे काळा डाग उमटतो. ही सर्व लाकडे आपापल्या जागी गुणी आहेत, परंतु त्यांची जागा ही नव्हे.

येथवर सांगितलेले फिनलंडातील सुतारही सांगेल. पुढील भाग मात्र आमच्या उपनगरांचा आहे, आणि परदेशी पुस्तकावरून खोली बांधणारे नेमके येथेच फसतात.

लोकांची समजूत अशी असते की, लाकडास त्रास होतो तो त्या प्रचंड उष्णतेने. थोडा हिशेब केला तर ती समजूत टिकत नाही. हवा तापली की वाफ पोटात घेण्याची तिची शक्ती फार झपाट्याने वाढते. जुलै महिन्यातील मुंबईची हवा घ्या: उष्णमान 30 अंश, आर्द्रता 80 टक्के. हीच हवा, तीत पाण्याचा एक थेंबही न घालता, 80 अंशांपर्यंत तापविली तर तिची आर्द्रता सुमारे 7 टक्क्यांवर येते. म्हणजे बाहेर मुसळधार पाऊस चालू असताही चूल पेटलेली खोली भर उन्हाळ्यातील वाळवंटापेक्षा कोरडी असते. पळीभर पाण्याची वाफ येते आणि जाते. अशा हवेत ना बुरशी जगते, ना वाळवी.

परंतु ही स्थिती दिवसातून किती वेळ? एक तास, फार तर दोन. उरलेले बावीस तास चूल बंद, दार बंद, आत काळोख, बाकांखाली घामाची व पाण्याची ओल, आणि सभोवती सांताक्रूझच्या वेधशाळेने वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजावा अशी हवा. फिनलंडमध्ये चूल विझली की बाहेरची थंड व कोरडी हवा आत घेऊन खोली वाळविता येते. आमच्याकडे दार उघडले तर आत येते ती ओलच. म्हणून आम्ही असे म्हणतो की, मुंबईत लाकडाची निवड तापलेल्या तासासाठी जितकी करावी, तितकीच किंबहुना त्याहून अधिक बंद असलेल्या बावीस तासांसाठी करावी.

ओलीचे गणित असे आहे. लाकूड हवेतील आर्द्रता शोषून घेते व सोडून देते. पावसाळ्यात आपल्या उपनगरात उघड्यावर पण छपराखाली ठेविलेल्या लाकडात, शंभर किलो शुष्क काष्ठामागे सोळा ते अठरा किलो पाणी मुरलेले असते. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस वीस किलोंहून अधिक लागते. यास्तव केवळ दमट हवेने लाकूड कुजत नाही. पण तीत जमिनीवर सांडलेले पाणी, स्नान करून आलेल्यांचे ओले पाय व घाम यांची भर पडली की ती मर्यादा सहज ओलांडली जाते. एका क्लबगृहातील अशी खोली आम्ही ऑगस्ट महिन्यात पाहिली. वरून बाक पांढराशुभ्र व देखणा होता. वाकून खाली पाहिले तर पट्ट्यांच्या पोटावर काळ्या बुरशीचा थर होता आणि एका पायाच्या टोकात नख सहज शिरत होते. आचेने त्या बाकाचे काहीच बिघडले नव्हते.

यावर कोणी म्हणेल की, आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी विहिरीच्या तळाशी जांभळीच्या लाकडाचे कडे घालून त्यावर दगडाचे बांधकाम करीत, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या कुजत नसे. मग लाकडास पाण्याचे भय कसले? याचे उत्तर असे की, सतत बुडालेल्या लाकडास हवा मिळत नाही, आणि हवेवाचून बुरशी वाढत नाही. लाकडाचा नाश होतो तो ओले-कोरडे, ओले-कोरडे असे चालू राहिल्याने. कोळ्यांच्या होड्या व आपल्या न्हाणीघराच्या दाराचा खालचा कोपरा यांची हीच कथा आहे.

या ओल्या-कोरड्या खेळाचा दुसरा परिणाम म्हणजे फुगणे व आकसणे. चूल पेटली की फळीचा पृष्ठभाग वाळून आकसू लागतो, गाभा मात्र अद्याप ओलाच असतो. या ओढाताणीत तडे जातात. झाडाच्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. म्हणून ज्या फळीच्या टोकावर वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसतात ती सरळ राहते, आणि जिच्यावर त्या आडव्या, कमानीसारख्या दिसतात ती वाकते. वखारीत फळीचे तोंड पाहून घ्यावे ते याचसाठी. हे सारे ज्ञान पुस्तकी आहे असे नव्हे. कोणताही जुना सुतार फळी उचलून प्रथम तिचे टोकच पाहतो.

आता सागाकडे वळू, कारण त्याचा न्याय करावयाचा राहिला आहे.

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी व बुरशी त्यापासून दूर राहतात. आणि तो फुगण्या-आकसण्यात फार संयमी आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज बांधले. ते 1817 साली पाण्यात उतरले, आणि आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सागाची झाडे आपल्या डोळ्यांसमोरच आहेत. पावसाळ्यात त्यांची सुपाएवढी पाने पाहावयास विद्यार्थ्यांनी अवश्य जावे. फक्त तेथील काडीसही हात लावू नये; ते अरण्य संरक्षित आहे.

मुंबईतील जुन्या इमारतींत जो साग आहे त्यातील पुष्कळसा ब्रह्मदेशातून आला. त्या व्यापारासाठी 1863 साली ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली, आणि तिच्या लाकडाच्या तंट्याचे निमित्त होऊन 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाशी तिसरे युद्ध केले. एका झाडासाठी एक राज्य बुडाले असे म्हटले तर ते अगदीच खोटे होणार नाही. 2014 पासून म्यानमार सरकारने अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. यामुळे आज जो जुना बर्मा साग मिळतो तो मुख्यतः पाडलेल्या चाळी, बंगले व गावठाणातील घरे यांतून निघालेला असतो. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारात अशा जुन्या लाकडाचे व सामानाचे ढीग दिसतात.

हे जुने लाकूड आमच्या मते फार मोलाचे आहे. ते शंभर पावसाळे फुगून व आकसून आता शांत झालेले असते. परंतु ते घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, खिळे. आत मोडून राहिलेला खिळा रंध्याचे पाते तोडतो ते असो. पण 80 अंशांस तापलेला खिळा उघड्या मांडीस लागला म्हणजे काय होईल हे सांगावयास नको. लोहचुंबक फिरवून प्रत्येक पट्टी तपासावी. दुसरी, जुना तैलरंग. त्यात शिसे असण्याचा संभव असतो, यास्तव रंगविलेला तुळया-वाशांचा भाग घेऊच नये. तिसरी, रेल्वेचे जुने स्लीपर. ते स्वस्त व भक्कम असतात खरे, पण त्यांस क्रिओसोट नावाचे डांबरी तेल पाजलेले असते. तापल्यावर त्याची विषारी वाफ निघेल. बंद खोलीत दीर्घ श्वास घेत बसलेल्या मनुष्यास ती देणे म्हणजे स्नानाच्या नावाखाली आजार विकणे होय.

तर मग साग लावावा की नाही? आमचे उत्तर असे: जेथे ओल आहे तेथे लावावा, जेथे अंग टेकते तेथे लावू नये. जमिनीवरील जाळी, बाकांचे पाय, खालच्या आधाराच्या पट्ट्या व दाराची चौकट ही सागाच्या गाभ्याची करावी. ‘गाभ्याची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सागाचा बाहेरचा फिकट भाग वाळवीस इतर लाकडाइतकाच गोड लागतो, आणि लागवडीतील कोवळ्या झाडांत हा फिकट भाग बराच असतो. वखारवाला “साग आहे, साहेब” म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण प्रश्न कोणत्या भागाचा, हा असतो.

बसावयाच्या व पाठ टेकावयाच्या पट्ट्यांसाठी आम्ही शिवणीची शिफारस करितो. हे आपल्याच रानातील झाड. लाकूड फिकट, हलके, राळ नाही, रंध्याखाली गुळगुळीत होते, कुसळे निघत नाहीत, आणि मुख्य म्हणजे एकदा नीट वाळले की वाकत नाही. टिकाऊपणात ते सागाच्या खाली, पण सावर किंवा आंबा यांच्या पुष्कळ वर. आंबा स्वस्त आहे खरा, परंतु आपल्या हवेत त्यास कीड व काळे डाग फार लवकर धरतात. सावर तर आगपेटीच्या काड्यांची. एका पावसाळ्यात तिचे तेज जाते.

परदेशी लाकडे आज मुंबईत मिळतात. तांबडा सीडार हलका असून सडत नाही, म्हणून पैसा असेल त्याने तो घ्यावा. त्याच्या वासाने क्वचित कोणास खोकला येतो, एवढे ध्यानात ठेवावे. अ‍ॅस्पेन व अबाची बसावयास अत्यंत सुखकर, पण ओलीत दुबळी. ती आणली तर वरच्या बाकापुरतीच आणावीत. 200 अंशांच्या आसपास वाफेत भाजून काढलेले तपकिरी लाकूड हा फिनलंडातील नवा प्रकार आहे. तसे भाजल्याने ते ओल कमी शोषते व सहसा कुजत नाही, मात्र ठिसूळ होते. भिंतीस चांगले, भार वाहावयास नव्हे. परदेशी मालाच्या खोक्यांचे पाइन उपनगरांतील दुकानांत स्वस्त मिळते, त्याच्या मोहात पडू नये. त्यात राळ व गाठी तर असतातच, शिवाय ज्या फळीवर ‘एमबी’ असा शिक्का असतो तिला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ‘एचटी’ शिक्क्याची फळी केवळ तापविलेली असते.

प्लायवुडविषयी दोन शब्द. दुकानदार सांगतो की हे प्लाय उकळत्या पाण्यातही सुटत नाही. सुटत नसेल, पण आपला प्रश्न ते सुटते की नाही हा नसून, तापल्यावर त्याच्या सरसातून हवेत काय मिसळते हा आहे. आतल्या बाजूस प्लाय, एमडीएफ, सनमायका यांपैकी काहीही नसावे. त्याचप्रमाणे व्हार्निश, पॉलिश किंवा रंग लावू नये. आपल्या लोकांस लाकूड चमकल्याशिवाय ते पूर्ण झाले असे वाटत नाही. येथे मात्र ते उघडेच शोभते, आणि उघडे असेल तरच श्वास घेते. हिरवट झाक असलेले औषधी लाकूडही टाळावे. त्यात तांबे व आर्सेनिक यांचे क्षार असू शकतात.

दाराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात घराची दारे फुगून अडकतात हा आपला नित्याचा अनुभव. तेच दार 80 अंशांच्या खोलीचे असेल, आणि आत एखादा वृद्ध किंवा मूल असेल, तर? म्हणून दार बाहेर उघडणारे असावे; त्यास कडी, कुलूप किंवा खिटी मुळीच नसावी, केवळ ढकलताच उघडेल अशी चुंबकाची किंवा गोळीची पकड असावी; आणि चौकटीशी दोन्ही बाजूंस बोटभर नव्हे तरी काडीभर फट मुद्दाम राखावी. मूठ आतून-बाहेरून लाकडाचीच असावी. चुलीभोवतीचे लाकूडही चुलीच्या कारखानदाराने सांगितलेल्या अंतरावर ठेवावे. वर्षानुवर्षे जवळून भाजत राहिलेले लाकूड हळूहळू कोळशासारखे होते, व मग पूर्वीपेक्षा कमी आचेवर पेट घेते.

लाकूड आणल्यावर लगेच कामास लावू नये. पावसाळ्यात घेतलेले लाकूड तर नाहीच. ऑक्टोबरच्या उन्हानंतर घ्यावे, छपराखाली पट्ट्यांमध्ये काड्या घालून रचावे, आणि मार्च-एप्रिलात काम काढावे. भिंतीच्या फळ्या एकमेकींत खाच व जीभ अशा बसवाव्यात, म्हणजे त्या आकसल्या तरी फट दिसत नाही. फळी व भिंत यांमध्ये हवा खेळेल इतके अंतर सोडावे. बाकाच्या पट्ट्या बोटभर फटी ठेवून, खालून स्क्रूने किंवा लाकडी खुंट्यांनी बसवाव्यात; वरून एकही धातू दिसता कामा नये.

स्नान आटोपल्यावर चूल लगेच बंद न करता दार उघडे टाकून आणखी वीस-तीस मिनिटे चालू ठेवावी. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोणी स्नानास आले नाही तरी आठवड्यातून एकदा कोरडी चूल तापवावी; विजेचे बिल थोडे वाढेल, पण नवा बाक करावा लागणार नाही. आणि बाक भिंतीस कायमचा जखडू नये. दोन माणसांनी उचलून बाहेर नेता येईल असा तो सुटा असावा, म्हणजे पावसाची उघडीप मिळताच गच्चीवर नेऊन, उलटा ठेवून, त्याच्या पोटास ऊन दाखविता येईल.